भूक लागली की खाईल

एकतीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहिली. साप्ताहिकांत लिहिली, दिवाळी अंकांत लिहिली, आणि एकदा तर पान भरेना म्हणून एका ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अहवालातही लिहिली. चारशे पानांची कादंबरी दोन परिच्छेदांत निकालात काढणं हा माझा हातखंडा. त्यातला दुसरा परिच्छेद बहुधा मुद्रणदोषांवर असे. आज मात्र उलटा उद्योग करणार आहे. अवघ्या चार शब्दांच्या एका वाङ्मयकृतीचं मी सविस्तर परीक्षण करणार आहे. कृती अशी : ‘भूक लागली की खाईल.’

लेखक अज्ञात. रचनाकाल अज्ञात. पण मराठी घरांत तिची जेवढी पारायणं झाली असतील तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या वाक्याची झाली असतील. मी ती प्रथम ऐकली वयाच्या पाचव्या वर्षी, आईच्या तोंडून, पडवळाच्या भाजीसमोर बसलेला असताना. शैली पाहा. एक शब्द जास्त नाही. दयामाया नाही. कर्ता तर वाक्यात नाहीच, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला मोजायचंच नाही, हे आधीच ठरलेलं. शिवाय निष्कर्षावर लेखकाची एवढी श्रद्धा की पुराव्याची गरजच भासलेली नाही. (पुरावा होता तो आईच्या विरुद्धच होता. भूक लागली की मी शेजारच्या काकूंकडे जाऊन थालीपीठ खात असे. पडवळ मी अजून खाल्लेलं नाही. पण आईच्या लेखी प्रयोग यशस्वी झाला होता, आणि तो माझ्या धाकट्या भावावर पुन्हा करण्यात आला.)

हे सगळं आठवायचं कारण पंत. पंत हा आमच्या मुलीचा बोका. अंग पांढरं, डोक्यावर काळी पगडी घातल्यासारखा डाग, आणि चालणं असं की वाड्याचा हिशेब तपासायला निघालेत. मुलीची बदली बंगळूरला झाली, तिथल्या घरमालकाला मांजर चालेना, तेव्हा पंत आमच्याकडे आले. आम्ही निवृत्तीनंतर रेवसला असतो. सौ.चं माहेर तिथलं. ती अष्टागरातली, मासे खाणाऱ्यांतली. मी घाटावरचा, पडवळ टाळणाऱ्यांतला.

भाऊच्या धक्क्यावर लाँच सुटेपर्यंत पंत टोपलीत शांत होते. नंतर त्यांनी जो सूर लावला तो थेट रेवस येईपर्यंत. मला वाटलं होतं, वाटेतल्या वासानं जीव सुखावेल. समोर कोळणींच्या रिकाम्या पाट्या, त्यांचा तो जन्मजन्मांतरीचा दरवळ, आणि पंतांनी तोंड फिरवून माझ्या छत्रीत खुपसलेलं. शेजारची एक कोळीण हे बराच वेळ निरखत होती. शेवटी म्हणाली, “मास्तर, यो बोका हाय का जावय?”

मुलीनं पंतांबरोबर दोन वस्तू दिल्या होत्या. एक, कोरड्या गोळ्यांची पाच किलोंची पिशवी. या गोळ्यांवर पंत ठाण्यात सहाव्या मजल्यावर लहानाचे मोठे झाले आणि साडेसहा किलोंना पोहोचले. दोन, एक इंग्रजी पुस्तिका. विषय : मांजराला कारखान्यातल्या अन्नावरून कच्च्या अन्नाकडे कसं न्यावं. “बाबा, तुम्ही तर बंदरावरच राहता. ताजा मासा दारात. त्याला हळूहळू कच्च्यावर आणा,” ती म्हणाली. त्यातला ‘हळूहळू’ हा शब्द मी नंतर पुष्कळ वेळा आठवला.

पुस्तिका मी त्याच रात्री वाचली. वाचली म्हणजे परीक्षक वाचतात तशी : प्रस्तावना पूर्ण, अनुक्रमणिका लक्षपूर्वक, मधली पानं वाऱ्यावर आणि शेवटचं पान पुन्हा पूर्ण. सिद्धांत पटला. मांजर हे वाघाच्या घराण्यातलं. (वाघाची मावशी म्हणतो आपण, म्हणजे नातं सासरचं की माहेरचं तेही ठरलेलं आहे.) त्याला मांसच हवं. रानात कोणी त्याला गोळ्या वाढत नाही. सबब कच्चं ते नैसर्गिक आणि नैसर्गिक ते हितकर. सकाळी मी सौ.ला सगळं समजावून सांगितलं. तिनं गोळ्यांची पिशवी कोठीत टाकून कडी लावली.

पहिल्या दिवशी मांदेली. ताजी, सोनेरी, अजून बर्फाचे कण अंगावर. बशी ठेवली. पंत आले. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग बशीच्या भोवतीची फरशी पुढच्या पंजानं नीटपणे, चारी बाजूंनी खरवडू लागले. मांजर माती खरवडून काय झाकतं हे मी वाचकांना सांगायला नको. एकतीस वर्षांत पुष्कळ पुस्तकांबद्दल मला अगदी हेच म्हणायचं होतं. इतकं थोडक्यात कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोंबील. पंतांनी एक पंजा चुकून त्यावर ठेवला आणि तो तसाच हवेत झटकत, तीन पायांवर, खोलीबाहेर गेले. दुपारी करंदी. संध्याकाळी पुन्हा मांदेली. आणि त्या संध्याकाळी सौ. कमरेवर हात ठेवून, माझ्या आईला कधी न पाहिलेली असूनही अगदी तिच्याच आवाजात म्हणाली, “राहू दे. भूक लागली की खाईल.”

साहित्यकृती पिढ्यानुपिढ्या टिकते ती अशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंत सापडेनात. पलंगाखाली, अगदी भिंतीला लागून, पाठ करून बसलेले. हाक मारली तर कानही हलवीना. गोळ्यांचा डबा वाजवावा असं मनात आलं, पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘माघार घेऊ नका’ असं होतं. त्याचा दाखला मिळावा म्हणून पुस्तिका पुन्हा काढली आणि प्रथमच मधली पानं उघडली. एकोणिसाव्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, दोन ओळी होत्या. मांजराला कोणत्याही परिस्थितीत उपाशी ठेवू नका. चोवीस तास खाल्लं नाही तर जुनं अन्न परत द्या आणि डॉक्टरांना विचारा.

मी अलिबागच्या डॉक्टरांना फोन लावला.

“किती तास झाले?”

“तसे दोन दिवस... म्हणजे काही विशेष नाही, जरा हट्टी आहे, भूक लागली की...”

“वजन?”

“साडेसहा किलो.”

“आत्ता घेऊन या,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुणेरी दुकानदारसुद्धा एवढ्या तुटकपणे बोलत नाही.

रेवस ते अलिबाग रिक्षात टोपली माझ्या मांडीवर होती. टोपलीतून आवाज येत नव्हता. लाँचवर ज्या सुरानं मला लाज आणली होती तो एकदा लागावा म्हणून मी वाटेत टोपलीला दोनदा टिचकी मारली. सौ. बाहेर बघत होती. ती काही बोलली नाही, आणि मीही. मुलीचा सकाळी फोन येऊन गेला होता. “पंत मजेत,” असं मी सांगितलं होतं.

डॉक्टरांनी आधी त्यांचे कान उलटून पाहिले, मग हिरड्या. पिवळेपणा नव्हता. रक्त घेतलं, कातडीखाली सलाईन दिलं, आणि मग मला ते सांगितलं जे मी एकोणिसाव्या पानावर तीन दिवस आधी वाचायला हवं होतं. माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर अंगावरची चरबी जाळतो आणि वर एकादशीचं पुण्य मिळवतो. मांजराचं यकृत त्या कामाला बनलेलंच नाही. त्यातून मांजर लठ्ठ असेल तर उपासात अंगावरची चरबी सगळी यकृताकडे धावते, तिथं तिचा निचरा होत नाही, यकृत तुंबतं, आणि ते तुंबलं की मांजराची अन्नावरची वासनाच उडते. न खाल्ल्यामुळे खावंसं वाटत नाही, आणि खावंसं वाटत नाही म्हणून खाल्लं जात नाही. वेळेवर लक्ष गेलं नाही तर मांजर जातं.

म्हणजे ज्या वाक्याचं मी परीक्षण करतो आहे ते मांजराच्या बाबतीत नुसतं चुकीचं नाही, ते नेमकं उलटं आहे. मांजर खाल्लं तर भुकेलं राहतं. त्या चार शब्दांतला ‘की’ हा केवढा धोकेबाज शब्द आहे हे मला त्या तपासणीच्या टेबलापाशी उभं राहिल्यावर कळलं. आईच्या वेळी त्या ‘की’च्या मागे शेजारच्या काकू उभ्या होत्या. पंतांच्या मागे कोणी नव्हतं. कोठीला कडी होती.

“आधी त्याच्या गोळ्या द्या,” डॉक्टर म्हणाले. सौ.नं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. निघताना तिनं कोठी उघडली होती हे मला माहीतही नव्हतं. पंतांनी अकरा गोळ्या खाल्ल्या. आम्ही दोघांनी मोजल्या.

आता पुस्तिकेबद्दल. एकोणिसावं पान उत्तम आहे हे मान्य करून बाकीच्याबद्दल बोलतो, आणि या वेळी पूर्ण वाचून बोलतो. तिचा सगळा डोलारा एका प्रयोगावर उभा आहे. कॅलिफोर्नियात मन्रोव्हिया म्हणून गाव आहे, तिथं फ्रान्सिस पॉटेंजर नावाचे डॉक्टर होते. १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत त्यांनी सुमारे नऊशे मांजरांवर प्रयोग केले. काहींना कच्चं मांस, काहींना शिजवलेलं, जोडीला दूध आणि कॉड माशाचं तेल. कच्चं खाणारी धडधाकट राहिली. शिजवलेलं खाणारी पिढीगणिक खंगत गेली आणि तिसऱ्या पिढीनंतर त्यांचा वंशच चालेना. निष्कर्ष : शिजवणं वाईट. कच्च्या पंथाची ही पोथी. माणसांनीही कच्चं खावं असं या मांजरांच्या साक्षीवर सांगणारे निघाले.

पोथीवर टीका करायला पुढची तीस-पस्तीस वर्षं जावी लागली. टॉरिन नावाचा एक पदार्थ आहे. १८२७ साली तो प्रथम बैलाच्या पित्तात सापडला आणि बैलावरूनच त्याला नाव मिळालं. माणूस तो आपल्या शरीरात तयार करतो, मांजराला पुरेसा करता येत नाही. ते आयतं मांसातून घेतं. १९७५ साली दिसून आलं की तो मिळाला नाही तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन ते आंधळं होतं. १९८७ साली कळलं की हृदयही फुगून निकामी होतं. मांस पाण्यात उकळलं की टॉरिन पाण्यात उतरतो, आणि पाणी मोरीत गेलं की तोही मोरीत. आज बहुतेक जाणकार पॉटेंजरांच्या शिजवलेलं खाणाऱ्या मांजरांचं दुखणं या बाजूनं समजून घेतात. दोष चुलीचा नव्हता, पाणी ओतून देणाऱ्याचा होता. हे मी सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माशाचं अळणी पाणी ओतून देतात? कोण हे लोक?” आणि कॅलिफोर्नियाचा विषय तिच्यापुरता संपला.

गोळीवाल्यांनीही यावरून शेखी मिरवू नये. १९८७ मध्ये ज्या मांजरांची हृदयं फुगलेली आढळली ती गोळ्या आणि डबे खाणारीच होती. मग कारखान्यांनी टॉरिन वाढवला आणि तो आजार मागे हटला. चूक दोघांचीही होती. एकाची दुरुस्त झाली, दुसऱ्याची पोथी झाली.

कच्च्या माशाचंही तसंच. काही माशांच्या कच्च्या मांसात एक द्रव्य असतं ते ‘ब-१’ जीवनसत्त्व खाऊन टाकतं. रोज तेच घातलं तर मांजराची मान लटपटते, झटके येतात. मासा शिजवला की ते द्रव्य मरतं. नुसतं काटा काढलेलं मांस घातलं तर कॅल्शियम कमी पडतं, कारण रानातलं मांजर उंदीर हाडांसकट खातं, त्याला कोणी काटे काढून देत नाही. आणि शिजवलेला काटा तर द्यायचाच नाही, तो टोचतो. कच्च्या कोंबडीबद्दल मी तोंड उघडताच डॉक्टरांनी थांबवलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. संशय कोंबडीच्या मांसावर होता. जानेवारी २०२५ मध्ये तोच रोग उरण तालुक्यात चिरनेरला कोंबड्यांत निघाला. म्हणजे आमच्या रेवसवरून खाडीपलीकडे करंजा दिसतो, त्याच्या थोडं आत. साक्षात वाघाला जे पचलं नाही ते वाघाच्या मावशीला वाढायचं नाही, एवढं मलाही कळलं.

तरी मनात एक शंका उरली होती. रेवसच्या धक्क्यावर दहा-पंधरा मांजरं आहेत. होडी लागली की शेपट्या उभारून हजर. बारकं म्हावरं, डोकी, आतडी, सगळं कच्चं खातात आणि चपळ, तुकतुकीत दिसतात. हा पॉटेंजरांचा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर चालू आहे त्याचं काय? लाँचवरची ती कोळीण धक्क्यावर पाटी लावून बसते. तिला मी एकदा ही शंका विचारली, जरा पुस्तकी भाषेत. तिनं मांदेली निवडता निवडता ऐकून घेतलं.

“दिसतात ती चांगली दिसतात,” ती म्हणाली. “जी नाय दिसत ती मोजली का, मास्तर? चार पिलं होतात, त्यातला एक र्‍हातो.”

इतकं नेमकं परीक्षण मला नऊशे मांजरांच्या अहवालावरही लिहिता आलं नसतं. शिवाय १ जूनला मासेमारी बंद होते, यांत्रिक होड्या दोन महिने नांगरून पडतात. म्हणजे धक्क्यावरचा नैसर्गिक आहार सरकारी आदेशानं तहकूब. मग ती मांजरं कोळीवाड्यातला उरलेला भात, सुकटीचा चुरा आणि उंदीर यांवर काढतात आणि कोणत्याही पंथात बसत नाहीत.

पंतांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. मांजराचं आवडनिवड म्हणजे हट्ट नव्हे. पिलू असताना जे तोंडाला लागलं तेच त्याला अन्न वाटतं, बाकी सगळी वस्तू. पाच आठवड्यांचे असल्यापासून पंतांनी अन्न म्हणून ओळखलं ते कुरकुरीत, कोरडं, तिकोनी. त्यांच्यापुढे गार, ओला, बुळबुळीत बोंबील ठेवणं म्हणजे मला पडवळ वाढणं, आणि तेही शिजवायला विसरून. चवीपेक्षा त्यांचं सगळं नाकावर चालतं, आणि गार अन्नाला वास नसतो. उंदीर बर्फात ठेवलेला नसतो, हे मला सुचायला हवं होतं. (गोडाचं तर त्यांना कळतच नाही. गोड चव ओळखणारं जनुकच मांजरात निकामी आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियात शोधून काढलं. पाडव्याच्या श्रीखंडाकडे पंतांनी ढुंकून पाहिलं नाही याचा सौ.ला आलेला राग त्यामुळे निघाला.)

डॉक्टरांची पद्धत अशी होती : वाटीत गोळ्या नेहमीच्या. त्यांवर उकडलेल्या मांदेलीचा, काटे काढून, पाव चमचा. मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. कांद्यानं मांजराचं रक्त बिघडतं. मासा उकडला ते पाणी कोमट करून वर शिंपडायचं. फरशी खरवडली तर एक पायरी खाली यायचं आणि चार दिवस थांबायचं. सौ.नं त्यात अष्टागरी दुरुस्ती केली : मीठ न लावता वाळवलेला जवळा तव्यावर परतून, कुटून, चिमूटभर भुरभुरायचा. पंत पहिल्यांदा वाटीकडे धावले ते या जवळ्याला. पाव चमच्याचा अर्धा व्हायला तीन आठवडे लागले. मी एका वहीत रोजचा अभिप्राय नोंदवत असे : ‘खाल्लं’, ‘हुंगलं’, ‘खरवडलं’. इतक्या काटेकोरपणे मी कुठल्याच लेखकाला वाचलं नव्हतं. दहाव्या आठवड्यात निम्म्या गोळ्या, निम्मा मासा यावर तह झाला. कच्चं नाही. वजन सहाच्या खाली आलं. डॉक्टर म्हणाले, इथंच थांबा. मुलीला मी सगळं खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, एकोणिसावं पान मी घडी घालून दिलं होतं.”

दिलं होतं खरं. मी ती घडी सरळ केली होती. दुमडलेलं पान मला खपत नाही.

परवा पाऊस लागला होता. सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पंत बसलेले दिसले, आणि त्यांच्यापुढे एक उंदीर. कच्चा, ऊबदार, हाडांसकट. पुस्तिकेत लिहिला होता अगदी तसा. त्यातला अर्धा त्यांनी स्वतः खाल्ला होता. उरलेला अर्धा त्यांनी पंजानं हळूच पुढे, आमच्या दोघांच्या पाटांच्या बाजूला, सरकवला. सौ. किंचाळून मागे झाली. मी केरसुणी शोधू लागलो. पंत जागचे हलले नाहीत. आमच्याकडे पाहत, शेपटी पायांभोवती गुंडाळून, कसलीही घाई नसल्यासारखे बसून राहिले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या सौ.च्या चेहऱ्यावर होता, तो भाव होता.